जे थोरलीला, तेच धाकटीला

मिस्त्रीणबाईंना हात खिशात ठेवायला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं, आणि तेही त्यांच्याच शेडमध्ये. सांगणारे होते चौकशीवाले साहेब. काल संध्याकाळी आले, आज सकाळी आठला कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इथे हजर राहायचं. विचारलं तर उत्तर द्यायचं. पण कशालाही हात लावायचा नाही."

आता सव्वादहा वाजले होते. साहेब एक नंबर मोठा पाना घेऊन एका नटाशी झटापट करत होते आणि ते बघून बाईंचा जीव तीळतीळ तुटत होता. चुकीचा पाना! नटाचे कोपरे झिजतील, एवढंही या माणसाला कळू नये? सत्तावीस वर्षं इंजिनं उघडण्यात गेलेल्या बाईला तोंडाला कुलूप आणि हात खिशात, अशी शिक्षा कोणी शत्रूलाही देऊ नये.

टेबलावर थोरलीचं इंजिन पडलं होतं. एका बाजूला चिखल सुकून पोपडे धरलेले, पंखा केळीच्या सालीसारखा मागे वळलेला.

उड्डाणशाळेची विमानं दोनच. दोन्ही दोन माणसांची, एकाच कारखान्यातली, एकाच रंगाची, फक्त वर्षाच्या अंतराने आलेली. म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. तीन आठवड्यांपूर्वी थोरली पूर्ण जोर लावून रनवेवरून उठली, दीडशे फुटांवर गेली आणि तिचं इंजिन खोकून बंद पडलं. आत एकटे मास्तर होते. या शाळेतल्या प्रत्येकाला उडायला शिकवलेले मास्तर! त्यांनी माघारी वळायचा प्रयत्न केला, पंख कलंडला आणि थोरली कुंपणापलीकडच्या शेतात नाकावर आपटली. मास्तर जागच्या जागी गेले.

त्यानंतर जिभा सुटल्या. मास्तरांचं वय झालं होतं म्हणे. इंधनाचा कॉक उघडायला विसरले असतील म्हणे. कोणी म्हणे मिस्त्रीणबाईंचाच हात कुठेतरी कमी पडला असेल. ज्यांना विमानाचं पुढचं कुठलं नि मागचं कुठलं हे सांगता आलं नसतं, तेही छातीठोकपणे कारण सांगत होते.

आणि या सगळ्यात शेडचा पत्रा दर सहा मिनिटांनी थरथरत होता. कारण वर धाकटी उडत होती, आणि धाकटीत ठकी होती.

ठकी म्हणजे बाईंची एकुलती एक लेक. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून ठकी. आता बावीस वर्षांची होती, सोमवारी तिची वैमानिकाची परीक्षा होती, आणि एकटीने उडायचे तिचे काही तास अजून भरायचे होते. म्हणून सकाळपासून तिचा एकच उद्योग चालला होता. यायचं, चाकं टेकवायची, न थांबता पूर्ण जोर द्यायचा, पुन्हा उठायचं, घिरटी घालून पुन्हा यायचं.

थोरलीचं इंजिन उघडायच्या आधी धाकटीला उडू द्यावं का, यावर शाळेत भांडण झालं होतं. सरकारी तपासनीस येऊन धाकटी बाहेरून बघून गेला, जमिनीवर इंजिन पूर्ण जोरात चालवून ऐकलं, ठीक म्हणाला. तरी शेवटी शब्द मिस्त्रीणबाईंचा हवा होता. बाईंनी कागदावर झोकात सही केली आणि वर सगळ्यांना सुनावलं, "माझी लेक उडणार आहे त्यात. आणखी काय खात्री हवी तुम्हाला?"

म्हणजे आज या टेबलावर काय निघतं, यावर बाईंचं सगळंच अवलंबून होतं. दोष त्यांच्या कामात निघाला, तर त्याच हातांनी सजवलेल्या दुसऱ्या इंजिनावर त्यांची पोर या घडीला आभाळात होती.

"दोन्ही इंजिनांचं काम तुम्हीच करता?" साहेबांनी नटाकडे बघतच विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या. "जे थोरलीला, तेच धाकटीला, आणि त्याच दिवशी. एकीला नवं आणि दुसरीला जुनं, असला दुजाभाव माझ्या शेडमध्ये नाही चालत."

हा बाईंचा जुना हट्ट होता आणि त्याचा त्यांना भलता अभिमान होता. थोरलीचं तेल बदललं की धाकटीचं बदललंच. थोरलीला नवे प्लग आले की धाकटीलाही आले, मग तिचे जुने अजून झकास का असेनात. मास्तर चेष्टा करायचे, "बाई, उद्या थोरली शिंकली तर तुम्ही रुमाल धाकटीच्या नाकाला लावाल!"

साहेब नुसतं "हं" म्हणाले. आणि तेवढ्यात नट सुटला.

मग मात्र कामाला वेग आला. झाकण निघालं. पिस्टन चकचकीत! साहेबांनी बॅटरी मारून बघितलं, फोटो काढला, चिठ्ठी लावली. प्लग आठच्या आठ कोरडे आणि स्वच्छ. तेल भरपूर. कॉक? बाईंनी श्वास रोखला. साहेबांनी चिखल पुसून कॉकची मूठ दाखवली. उघडा! पूर्ण उघडा!

"मास्तर विसरले नव्हते!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "बघा साहेब, उघडाय! बोंबलत होते ना सगळे?"

"बाई, हात," साहेब म्हणाले. बाईंचे दोन्ही हात खिशाबाहेर येऊन हवेत नाचत होते. त्यांनी ते परत कोंबले.

इंधनाचा पंप उघडला, तोही ठणठणीत. कार्बोरेटरमध्ये मात्र इंधनाचा थेंब नव्हता. बाईंचे कान टवकारले. पंपात इंधन आहे, कार्बोरेटर कोरडा. दोघांमध्ये काय आहे? फक्त एक नळी! हातभर लांबीची, काळी, रबरी, दोन महिन्यांपूर्वीच बसवलेली, बाहेरून नवीकोरी. साहेबांनी ती सोडवली, उजेडात धरली, एका टोकाने हलकेच फुंकली. दुसऱ्या टोकाने हवा आली.

"मोकळी आहे," ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले.

"साहेब, पंपाच्या बाजूने फुंका. आणि जोरात."

"आत्ता फुंकली की."

"हळू फुंकलीत. इंजिन पूर्ण जोर मागतं तेव्हा इंधन हळू वाहतं का? गाल फुगवून फुंका!"

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. पण माणूस अडेलतट्टू नव्हता. नळीचं टोक पुसून त्यांनी तोंडात धरलं आणि लहान मूल फुगा फुगवतं तसं जीव लावून फुंकलं. गाल फुगले. कान लाल झाले. डोळे बाहेर आले. नळीच्या दुसऱ्या टोकाने काहीसुद्धा येईना! हळू फुंकलं, आली. जोरात फुंकलं, बंद. पुन्हा हळू, आली. पुन्हा जोरात, बंद!

साहेबांनी धारदार सुरीने नळी उभी चिरली. आतल्या रबराचं एक साल सुटून जिभेसारखं लोंबत होतं. हळू प्रवाहात ते निमूट पडून राहायचं, जोराचा प्रवाह आला की उभं राहून वाट अडवायचं. बाहेरून कोणाच्या बापालाही दिसलं नसतं.

"सापडलं!" साहेब म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

बाईंना तर नाचावंसं वाटलं. तीन आठवडे छातीवर बसलेला धोंडा उतरला. त्यांनी आवळलेला एक नटसुद्धा सैल निघाला नव्हता. मास्तर चुकले नव्हते, बाईही चुकल्या नव्हत्या, नळी कारखान्यातूनच आजारी आली होती! आनंद झाला, अगदी उघड, खरा आनंद झाला, आणि पुढे जन्मभर त्या क्षणाची त्यांना लाज वाटत राहिली.

कारण त्याच वेळी पत्रा थरथरला. धाकटी डोक्यावरून पलीकडे गेली.

बाईंना नळ्या बसवल्याचा दिवस आठवला. थोरलीची नळी जुनी झाली म्हणून बदलली. धाकटीची चांगली होती, अगदी चांगली, अजून वर्षभर सहज गेली असती. ती काढून टाकली आणि त्याच खोक्यातली दुसरी नळी तिला बसवली. त्याच दिवशी. थोरलीला बसवली तशी.

"ही किती तास चालली होती?" साहेब विचारत होते.

"बेचाळीस," बाई म्हणाल्या. "धाकटीचे आज सकाळी एकोणचाळीस झाले होते. आणि पोर सव्वासातपासून वर आहे."

साहेबांच्या हातातली सुरी टेबलावर पडली. पण ती पडेपर्यंत बाई शेडच्या बाहेर होत्या.

विमानांशी रेडिओवर बोलणाऱ्या रेडिओकाकांचा फोन ड्यूटीवर असताना ड्रॉवरमध्ये बंद असतो, हे बाईंना माहीत होतं. रनवे शेडपासून साठ पावलांवर. त्या जिवाच्या आकांताने तिकडेच धावल्या. मधे उभं राहायचं, हात हलवायचे, अडवायचं पोरीला! दूरवर धाकटी वळण घेऊन उतरायला येत होती, तिचे पंख चमकत होते. तीस पावलं झाली आणि बाई गर्रकन थांबल्या. समोर माणूस दिसलं तर ठकी काय करील? पूर्ण जोर देऊन त्या माणसावरून उडी मारील. मास्तरांनी तसंच शिकवलंय. अडवायला जाऊन आपणच तिला मारू!

वळल्या. पटांगण ओलांडलं. रेडिओच्या खोलीचा लोखंडी जिना पुढ्यात आला. पन्नाशीच्या गुडघ्यांनी बावीस पायऱ्या दोन दोन करत चढल्या, आणि अर्ध्यावर असताना मागे चाकं टेकल्याचा चीत्कार आला. लगेच इंजिनाची गर्जना. पूर्ण जोर. उशीर झाला होता.

दार ढकललं तेव्हा रेडिओकाका खिडकीशी बसले होते, माइकवर तळहात झाकून. शिकणारं पोर चाकं टेकवत असलं की त्याच्या कानात कोणी बोलायचं नाही, हा मास्तरांचा नियम, आणि काका तो देवाच्या आज्ञेसारखा पाळायचे.

"बाई, आत्ता नाही! वर जाऊ दे तिला, मग..."

बाईंनी त्यांचा हात बाजूला भिरकावला आणि माइक ओढला. खिडकीतून धाकटी दिसत होती, नाक वर, कुंपणाच्या दिशेने चढणारी. शंभर फूट. सव्वाशे.

आणि धाकटी खोकली.

तोच खोकला. तीन आठवड्यांपूर्वी ऐकलेला, रोज कानात वाजणारा.

"ठकी, आई बोलतेय. थ्रॉटल अर्धा कर. आत्ता."

रेडिओ नुसता खरखरला. मग पोरीचा चिरका आवाज आला, "अर्धा? आई, मी चढतेय! इंजिन बंद पडतंय माझं!"

"म्हणूनच! अर्धा कर! नाक खाली घे, सरळ पुढे बघ, वळायचं नाही!"

वर चढताना जोर कमी करायचा, हे कोणत्याही वैमानिकाला कोणी सांगितलेलं नसतं. हात उलटंच करतो, थ्रॉटलची मूठ आणखी पुढे ढकलतो. मास्तरांनीही तेच केलं असणार. धाकटी पुन्हा खोकली, दोनदा, आणि मग काहीच ऐकू येईना. काकांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी मिटले नाहीत. विमान एकदम खाली बसल्यासारखं झालं, कुंपणाच्या झाडांच्या रेषेला टेकलं आणि दिसेनासं झालं.

मग झाडांपलीकडून आवाज आला. गर्जना नव्हे, संथ गुणगुण. टाकीतून इंधन पुन्हा वाहू लागल्याची, साल निमूट पडल्याची, सुरेख, एकसारखी गुणगुण! आणि धाकटी झाडांच्या पलीकडून हळूहळू वर सरकली.

"चालू झालं!" ठकी किंचाळली. "आई, चालू झालं!"

"ऐकू येतंय. मूठ तिथेच ठेव. केसभरही पुढे ढकलू नकोस. तशीच हळूहळू वर ये, मग मोठं वळण घे. घाई नाही. दिवस सगळा आपलाच आहे." बाई हे इतक्या शांतपणे बोलत होत्या की काका तोंड उघडं टाकून बघत राहिले.

चौकशीवाले साहेब धापा टाकत वर आले, हातात चिरलेली नळी तशीच. तिघं खिडकीला नाक लावून उभे राहिले. एरवी सहा मिनिटांत होणारी घिरटी आज अकरा मिनिटं चालली. धाकटी दमलेल्या म्हशीसारखी आभाळ ओलांडत होती. एकदाची ती रनवेच्या रेषेत आली, आणि रेडिओ पुन्हा खरखरला.

"आई, मी फार उंच आलेय. जमणार नाही. पुन्हा फिरून येऊ?"

फिरून यायचं म्हणजे पूर्ण जोर.

"अजिबात नाही!" बाई कडाडल्या. "फिरून येणं आज बंद. थ्रॉटल पूर्ण मागे घे आणि उतर."

"रनवे संपेल!"

"संपू दे! पुढचं गवत आपल्याच बापाचं आहे. त्यात घाल विमान. चाक मोडलं तर मी बसवीन. उतर म्हणते ना!"

धाकटी खाली आली, उंच होती ती होतीच, अर्धा रनवे तिच्या पोटाखालून वाया गेला. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. ब्रेक करकरले. रनवे संपला. विमान गवतात घुसलं, एक पंख खाली, एक वर, मातीचा लोट उठला, आणि त्या लोटात ते थांबलं. उभंच!

काकांनी टेबलावर असा गुद्दा मारला की पेन्सिली उडाल्या. साहेबांनी, ज्यांना कोणी काल हसताना बघितलं नव्हतं, काकांना मिठी मारली. बाई तोवर जिना उतरल्या होत्या.

ठकी पंखावर बसली होती. तोंडभर हसत होती, रडतही होती. "पुढचं चाक गेलं गं," ती म्हणाली. "रागवू नकोस."

बाईंनी तिला ओढून छातीशी धरलं. तेल लागलेल्या हातांनी तिचे केस, कान, खांदे चाचपले, सगळं जागेवर आहे का बघितलं. मग एक सणसणीत धपाटा घातला आणि पुन्हा मिठी मारली.

"काय जादू केलीस तू?" ठकी तिच्या खांद्यात तोंड खुपसून बोलत होती. "मूठ मागे घेतली आणि गुमान चालायला लागली की ती! बस एवढंच? आई, मास्तरांनाही त्या दिवशी कोणी एवढंच सांगितलं असतं तर..."

बाईंचे हात थांबले. त्या दिवशी त्या शेडच्या दारातच उभ्या होत्या. खोकला त्यांनी ऐकला होता. माहीतच नव्हतं, तर काय सांगणार होत्या?

साहेब गवतातून येत होते. "साहेब, हिची नळी तुम्हीच काढा," बाई म्हणाल्या. "मी हात लावत नाही. आणि लिहून घ्या, दोन्ही नळ्या मी बसवल्या, एकाच दिवशी. धाकटीची बदलायची काहीसुद्धा गरज नव्हती."

"बाई, नळी सदोष होती. तुम्हाला कसं कळणार?"

"थोरलीच्या नळीचं नाही कळलं. पण दोन्हींना एकदम नवी बसवू नये, एक थोडे दिवस चालवून बघावी, हे कळायला काय हरकत होती? एवढं साधं." त्यांनी लेकीकडे बघितलं. "हिला बस म्हणावं इथेच. पाणी द्या. मी आले."

मास्तरांचं घर कुंपणाच्या पलीकडे, उड्डाणशाळेला पाठ लावून. बाई तारेतून वाकून गेल्या, परसातून थेट मागच्या दाराशी. वाटेत वाक्यं जुळवत होत्या आणि ती मोडत होती. तीन आठवड्यांत त्या इथे एकदाच आल्या होत्या, सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या मागे उभ्या राहून.

मास्तरांच्या बायकोला त्या वहिनी म्हणत. वहिनी मागच्या पायरीवरच बसल्या होत्या, ओल्या कपड्यांची बादली पुढ्यात, एकही कपडा वाळत घातलेला नव्हता. त्यांचे ओठ हलत होते.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "मास्तर कॉक विसरले नव्हते. मला तुम्हाला..."

वहिनींनी हात वर केला. "थांब. आधी सांग, ती ठकी होती का? उतरली का पोर?"

"उतरली. धडधाकट आहे."

वहिनींचे ओठ थांबले. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "खोकल्याचा आवाज ऐकला ना, तशी मोजायला लागले. त्या दिवशीही मोजले होते, आपोआप. अकरा झाले आणि पडलं. आज अकरा झाले, बारा झाले. शंभर झाले. मग आवाजच बंद झाला, आणि झाडांमुळे दिसेना. थांबायचं कधी ते कळेना मला. हजाराच्या पुढे गेले गं."

बाई बादलीच्या पलीकडे, त्याच पायरीवर बसल्या.

"आता सांग," वहिनी म्हणाल्या. "काय सांगायला आली होतीस?"

आणि मिस्त्रीणबाईंनी सांगितलं, दोन महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळपासून, ज्या सकाळी त्यांनी एका खोक्यातून दोन नळ्या काढल्या होत्या.